पावती आजोबांची, खोली गावाची

सव्वीस वर्षं मी नकाशे काढते. दादरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी आहे. आधी ट्रेसिंग पेपर आणि शाईचं पेन होतं, आता संगणक आहे. काम मात्र तेच. जुन्या चाळीतली एकेक खोली मोजायची आणि नव्या इमारतीत त्या खोलीतल्या माणसांना कुठे बसवायचं ते कागदावर मांडायचं. टेप न लावता नुसती दारात उभी राहून मी खोलीचं क्षेत्रफळ सांगते आणि चार-पाच फुटांपलीकडे चुकत नाही. ऑफिसातल्या नव्या मुलांना हे खोटं वाटतं, मग ती टेप काढतात आणि गप्प बसतात. हे सगळं अशासाठी सांगितलं, की पुढे जे झालं ते नियम ठाऊक नसलेल्या बाईच्या हातून झालं असं कुणाला वाटू नये. मला सगळं ठाऊक होतं.

आमच्या गावाची परळला एक खोली होती. भोईवाड्याच्या मागच्या गल्लीतल्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, बारा बाय दहाची. कोकणातल्या पुष्कळ गावांनी गिरण्यांच्या काळात अशा खोल्या घेतल्या. गावातला पुरुष गिरणीत लागला की तो या खोलीत यायचा. भिंतीवर त्याची एक खुंटी, माळ्यावर एक ट्रंक, आणि पाळीप्रमाणे जमिनीवर चटईपुरती जागा. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले झोपायचे. बायकांना मज्जाव होता. माझी आजी अख्ख्या जन्मात एकदाच मुंबईला आली, आणि तेव्हाही तिने ती खोली गॅलरीतून पाहिली.

चाळीच्या मालकाला गावाच्या नावाने पावती फाडणं जमेना, त्याला एक माणूस हवा होता. गावकऱ्यांनी माझ्या आजोबांना पुढे केलं. कारण एवढंच की बाकीचे अंगठेबहाद्दर आणि आजोबांना सही येत होती. आजोबा गेल्यावर खरं तर पावतीवर माझ्या वडिलांचं नाव चढायला हवं होतं. गावाची बैठक बसली आणि ठरलं, की नाव बदलायचं नाही. आजच्या पोराचं नाव लावलं तर उद्या तो म्हणेल, खोली माझी. मेलेला माणूस खोली विकत नाही. हे त्यांचं तर्कशास्त्र, आणि गंमत म्हणजे चाळीस वर्षं ते चाललं. मालकाचा मुनीम दर महिन्याला माझ्या स्वर्गवासी आजोबांच्या नावाने पावती फाडत राहिला.

आमचं स्वतःचं घर म्हणजे वडिलांची लालबागची एक खोली. गिरणी बंद झाल्यावर तिची पागडी घेऊन आम्ही नालासोपाऱ्याला गेलो, तेव्हा मी चौदा वर्षांची होते. त्याचा राग माझ्या मनातून कधीच गेला नाही. नोकरी लागली तशी मी परत आले. लग्नानंतर भाड्याच्या घरात राहिले, नवरा गेल्यावर मुलीला घेऊन भाड्याच्याच घरात. अकरा महिन्यांचा करार, मग दुसरं घर. माझी मुलगी बारावीला पोचेपर्यंत आम्ही नऊ घरं बदलली होती, सगळी परळ-लालबागच्या पंचक्रोशीतली. दरवर्षी मी सरकारी घरांच्या लॉटरीचा फॉर्म भरायची. नंबर कधी लागला नाही, पण भरणं सोडलं नाही. मुंबईत, आपल्या माणसांत, आपल्या नावाचं एक दार, एवढं एकच मला आयुष्याकडून हवं होतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मग ती चाळ पाडून नवी बांधायचं ठरलं. याचा नियम सोपा आहे. जुनी इमारत पाडायची, तर आतल्या प्रत्येक भाडेकरूला नव्या इमारतीत फुकट घर द्यायचं, किमान तीनशे चौरस फुटांचं. ज्याची खोली शंभर फुटांची त्यालाही तेवढंच. बदल्यात बिल्डरला जास्तीचे मजले चढवायची परवानगी मिळते, ते तो विकतो. लोक या नियमाला शिव्या घालतात, मी घालत नाही. मी या नियमाने शेकडो कुटुंबांना सार्वजनिक संडासाच्या रांगेतून बाहेर पडताना पाहिलंय. पण नियम पावत्या मोजतो. पावती एक, घर एक, कुटुंब एक. आमच्या गावाच्या खोलीत आतासुद्धा वर्षाकाठी दीडदोनशे माणसं येऊन राहून जात. कुणी हॉस्पिटलात केमो घ्यायला, कुणी भरतीच्या परीक्षेला, कुणी नवी नोकरी लागली म्हणून पहिले चार महिने. परळसारख्या ठिकाणी एवढ्या माणसांना निवारा देणारी ती बारा बाय दहाची जागा सरकारच्या कुठल्याही आकड्यात कधी आली नसेल.

गावाच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमचे एक लांबचे काका, पोस्टातून निवृत्त झालेले. कुठल्या खोलीत कोण राहतं ते नोंदवणाऱ्या सर्व्हेच्या आठवडाभर आधी मी त्यांना फोन करून बजावलं होतं. म्हटलं, काका, सर्व्हेवाला येईल तेव्हा खोलीत दोन माणसं ठेवा, जास्त नकोत. कोणी विचारलं तर पावती दाखवा आणि माझा नंबर द्या. दुसरं काही बोलू नका. काका हो म्हणाले. पण हे म्हणजे आमच्या गावाला गप्प बसायला सांगण्यासारखं झालं.

सर्व्हेच्या दिवशी गावचे सत्तावीस पुरुष रजा टाकून आले. विरारपासून पनवेलपर्यंतचे. सगळ्यांनी पांढरे शर्ट घातले होते. त्यांनी आदल्या दिवशी खोली धुऊन काढली, सत्यनारायण घातला आणि दारावर नवा कोरा बोर्ड लावला, अमुक गाव ग्रामस्थ मंडळ, मुंबई. आपली एकी दिसली की सरकार मानेल, असा त्यांचा हिशेब. सर्व्हेवाल्याने विचारलं, इथे राहतं कोण? सत्तावीस जण एका सुरात म्हणाले, आम्ही सगळे. त्याने विचारलं, यातला वारस कोण? पुन्हा तेच उत्तर. त्या बिचाऱ्याने प्रसाद खाल्ला, शेरा लिहिला आणि गेला. कब्जेदार अनेक, एक कुटुंब नाही, पात्रता प्रलंबित.

संध्याकाळी काकांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला तेव्हा मी त्यांना नको नको ते बोलले. म्हटलं, खोली हातची गेली, आता बोर्ड घेऊन बसा. काका ऐकून घेत होते. मग हळूच म्हणाले, "बाय, खोली कोणाची ता आमका ठाऊक असा. कागदाक ठाऊक नाय. तूच काय ता बघ."

कागदाला एकच माणूस ठाऊक होता, माझे आजोबा. आणि वडील गेल्यावर त्यांची एकुलती एक वारस मी. मेलेल्या माणसाच्या नावाने खोली सुरक्षित ठेवायची गावाची हुशारी नियमात आल्यावर अशी उलटली होती. मी पात्रतेच्या सुनावणीला जाऊन वारस म्हणून सही केली, तर खोली पात्र ठरणार होती आणि घर माझ्या नावावर होणार होतं. सही केली नाही, तर खोलीचं नाव यादीतून कटणार आणि ते तीनशे फूट बिल्डरच्या विकायच्या मजल्यांत जमा होणार. आमच्या धंद्यात असं कटलेलं नाव परत चढलेलं मी पाहिलेलं नाही.

तिसरी गोष्ट गावात कुणालाच माहीत नव्हती, मला होती. पालिकेच्या हद्दीत ज्याच्या नावावर घर आहे त्याला लॉटरीचा फॉर्म भरता येत नाही. सही केली, की मी कायमची घरमालकीण. मग ते घर मी वापरो की गाव वापरो, लॉटरीचं दार मला बंद.

आता खरं बोलते. मला ते घर हवं होतं. आमच्या ऑफिसचं ते काम नव्हतं, तरी ओळखीने मी नव्या इमारतीचा नकाशा मागवला. काढणाऱ्याने किचनचं दार बाथरूमच्या दारासमोर काढलं होतं, तेवढं सोडलं तर प्लॅन चांगला होता. पूर्वेला खिडकी. मी पेन्सिलीने खिडकीखाली मुलीचं टेबल काढलं, मग कपाट, मग माझी कॉट. कॉट काढून झाल्यावर लक्षात आलं, की मी ऑफिसच्या वेळात दरवाजा लोटून घेतला आहे. ऑफिसातली माझी मैत्रीण म्हणाली, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागतेस, घर आपसूक चालत आलंय. कायदा तुझ्या बाजूला आहे. तिचा शब्दन् शब्द बरोबर होता. गावाने कोर्टात जायचं म्हटलं असतं तरी त्यांच्याकडे एक चिठोरं नव्हतं. आणि ज्या खोलीने माझ्या आजीला उंबरठा ओलांडू दिला नाही, त्या खोलीचं मी काय देणं लागत होते?

याचं उत्तर मला सहज मिळालं नाही. आठवडाभर मी चिडचिड करत होते. एकदा दुपारी ऑफिसातून निघून त्या खोलीवर गेले, म्हटलं निदान मोजून तरी घेऊ. आत गावचा एक म्हातारा शर्टाची बटणं उघडी टाकून बसला होता, छातीवर पट्ट्या. शेजारी त्याचा जावई पेज ढवळत होता. मी टेप काढलेली पाहून जावई घाबरून उठला आणि म्हणाला, "ताई, आणखी पंधरा दिवस द्या, त्यांची शेवटची दोन रेडिएशनं राहिलीत." त्याला वाटलं मी घर रिकामं करायला आले. मला फार वाईट वाटलं. टेप पर्समध्ये टाकली, त्यांच्याबरोबर पेज प्यायले आणि घरी आले.

त्या रात्री जेवताना मुलीला सगळं सांगितलं, सही करून घर गावालाच वापरू द्यायचं मनात आहे ते, आणि लॉटरीचंसुद्धा. तिने सरळ विचारलं, "म्हणजे तुझ्यानंतर ते माझ्या नावावर येणार?"

"येणार."

"आणि मलाही ते वापरता येणार नाही."

"तू ठरवशील तसं. कायद्याने तुला कोणी अडवू शकणार नाही."

"असं नको ना करू आई. ठरवायचं माझ्यावर टाकू नको."

दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कॉलेजला निघताना पायात चप्पल सरकवत म्हणाली, "कर सही. मला नोकरी लागली की लॉटरीचा फॉर्म मी भरीन. नीट विचार करून सांगतेय, परत विचारू नको." ती गेल्यावर मी बराच वेळ दाराशीच उभी होते. रडू आलं, ते आवरलं नाही.

सुनावणीला मी आणि काका गेलो. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने पावत्यांचा गठ्ठा चाळला आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही राहता तिथे?"

"नाही. एक रात्रही राहिलेली नाही."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा गळाच कापला होता. पण खोटं बोलून मिळवलेलं घर मला टिकवायचं नव्हतं. मी म्हणाले, "पावती माझ्या आजोबांची, खोली गावाची आहे. गावाकडची माणसं येऊन-जाऊन असतात."

"फॉर्ममध्ये गाव असा रकाना नाही, मॅडम. भाडेकरू आहे, वारस आहे, दुकानदार आहे."

"माहीत आहे. असे फॉर्म मीच भरते. वारस म्हणून माझं नाव घ्या."

"आणि ही येणारी-जाणारी माणसं काय म्हणून दाखवू?"

"पाहुणे म्हणा."

तो हसला आणि त्याने तसं लिहिलं. वारसाचा दाखला होता, पावत्या सलग होत्या, दुसरं कोणी हक्क सांगत नव्हतं. आम्ही पात्र झालो.

बाहेर आल्यावर काकांनी पिशवीतून स्टॅम्प पेपर काढला. मंडळाने लिहून आणला होता, की हे घर मी गावासाठी सांभाळते आहे, माझा त्यावर हक्क नाही. मी तो वाचला आणि परत दिला. म्हटलं, "काका, या कागदाला कुठेच किंमत नाही. उद्या मी फिरले तर यावर तुम्हाला चहासुद्धा मिळणार नाही. सही करून तुम्हाला खोटा धीर द्यायचा नाही मला. विश्वास ठेवायचा तर ठेवा."

काकांनी कागदाची घडी केली. "तुझ्या आजोबांनीपण कधी लिवून दिल्यानी नाय," ते म्हणाले, आणि आम्ही उसाचा रस प्यायला गेलो.

मी एक अट मात्र घातली. नव्या घरात गावच्या बायकाही राहतील. उपचाराला येणाऱ्या, परीक्षेला येणाऱ्या, कुणीही. मंडळाच्या बैठकीत कुजबुज झाली. एकाने उठून विचारलं, बायकांची सोय कशी करणार? मी म्हटलं, नव्या घरात दोन खोल्या आहेत, मध्ये दार आहे आणि दाराला कडी आहे. सत्तावीस पुरुषांनी एकेक करत हात वर केले. ठराव झाला.

इमारत उभी राहायला पाच वर्षं लागली. तोवर मंडळाने दुसरीकडे भाड्याने जागा घेऊन कशीबशी सोय केली. नव्या इमारतीत विकायचे मजले समुद्राकडे तोंड करून आहेत आणि आमची बाजू उड्डाणपुलाकडे, पण लिफ्ट आहे आणि नळाला पाणी आहे. घर चौदाव्या मजल्यावर मिळालं. किचनचं दार बाथरूमसमोरच राहिलं. सोसायटीच्या सेक्रेटरीने पहिल्याच महिन्यात मला बोलावून विचारलं, तुमच्याकडे सारखी वेगवेगळी माणसं दिसतात, घर भाड्याने दिलंय का? फुकट मिळालेलं घर इतक्यात भाड्याने देता येत नाही, हा नियम त्याने मला ऐकवला. मलाच. मी म्हटलं, "एक रुपया भाडं घेतल्याचं दाखवा. माझे पाहुणे आहेत." दर दोन-तीन महिन्यांनी तो हे विचारतो आणि मी हेच सांगते. आमचं गाव मोठं आहे, एवढे पाहुणे असायचेच.

या वर्षी आमच्या भाड्याच्या घराचा करार संपला आणि नवं घर मिळायला अजून आठ दिवस होते. मुलीची आता नोकरी सुरू आहे, सामान एका गोदामात टाकलं, पण आम्ही दोघींनी जायचं कुठे? मी काकांना फोन केला. म्हटलं, "आठ दिवस चौदाव्या मजल्यावर राहू का?"

"गो, घर तुझा असा. विचारतंस काय?"

"तसं नको. मंडळाच्या नियमात बसतं का ते सांगा."

"बसता," ते म्हणाले. "पण पेशंट इलो, तर पयलो मान पेशंटाचो."

"कबूल."

तर माझ्या नावावरच्या घरात मी पहिल्यांदा राहिले ती अशी, आतल्या खोलीत, मुलीच्या शेजारी चटईवर. बाहेरच्या खोलीत गावच्या एक शिक्षिका होत्या, गाठीच्या तपासणीला आलेल्या, आणि त्यांची बहीण. सकाळी आम्ही चौघींनी पाळी लावून आंघोळी केल्या. पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट आत येतं, नकाशात दिसत होतं तसंच. मुलगी तिथे लॅपटॉप घेऊन बसायची. पाच दिवस मी फार सुखात होते. ऑफिसातून निघताना कुठे जातेस असं कुणी विचारलं तर मी घरी जाते म्हणायची.

सहाव्या दिवशी काकांचा फोन आला. ते इकडचं तिकडचं बोलू लागले, पावसाचं, आंब्याचं. मी म्हटलं, काका, कोण येतंय? दुपारच्या गाडीने एक बाई येत होती, नवऱ्याला घेऊन, त्याला तातडीने दाखल करायचं होतं आणि पाठी दोन लहान मुलं होती. शिक्षिकेला हलवता येत नव्हतं. मी म्हटलं, आम्ही निघतो, दोन दिवस मैत्रिणीकडे जाऊ.

मुलीने चटया गुंडाळल्या. मी किचनचा ओटा पुसला, दुधाची पिशवी फ्रीजमध्ये ठेवली. खाली गेटपाशी बोर्डावर घरमालकांची नावं आहेत, त्यात माझंही आहे. तिथेच ती बाई उभी होती, एका हातात एक्स-रेचं पाकीट, दुसऱ्या हातात झोपलेलं मूल. नवरा भिंतीला टेकून बसला होता, दुसरं मूल त्याच्या मांडीवर. तिने आमच्या हातातल्या बॅगा पाहिल्या आणि तिला वाटलं, आम्हीही गावाकडच्याच, उपचार संपवून परत निघालो आहोत.

"गावाची खोली हीच काय गे?" तिने विचारलं. "आमका जागा मेळात मां?"

मी तिला किल्ली दिली. "चौदावा मजला, लिफ्टमधून उतरल्यावर उजवीकडे," मी म्हटलं. "आतली खोली तुमची आहे. आत्ताच रिकामी झाली."